गिटार पेडलसाठी ९ व्होल्टचा रेग्युलेटेड पॉवर सप्लाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडलना, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांना, वीज कशी द्यायची यावर मला सतत विचारणा होते. त्यातले निम्मे प्रश्न ‘घरघर येतेय, मोठा कपॅसिटर टाकू का?’ याच वळणाचे असतात. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं आणि का नको हे सांगण्यात अर्धा तास जातो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालणार असाल तर बाकीचं वाचा न वाचा, प्रश्न ९ वाचाच.

१. ९ व्होल्टचा साधा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. तो लावून भागत नाही का?

कधी कधी भागतं. जुन्या पद्धतीच्या वजनदार अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एखादा कपॅसिटर, इतकाच संसार असतो. त्यावर छापलेले ९ व्होल्ट पूर्ण भार असतानाचे. एकच ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका करणारं पेडल) जोडलात तर तोच अडॅप्टर १२-१३ व्होल्ट देतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे डायोडमधून सरळ झाल्यावर त्यावर १०० हर्ट्झचं रिपल, म्हणजे व्होल्टेजची चढउतार, उरतं. पेडल ते रिपल सिग्नलसोबत वाढवतं आणि स्पीकरमधून घरघर येते.

रेग्युलेटेड सप्लायमध्ये पुढे एक आयसी (रेग्युलेटरची चिप) असते. भार वाढो, घरातला व्होल्टेज वरखाली होवो, ती आउटपुट ९ वर धरून ठेवते आणि रिपल दाबते. हातात हलके लागणारे नवे अडॅप्टर एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग सर्किटचे) असतात. ते रेग्युलेटेड असतात, पण त्यांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे (प्रश्न १४).

२. माझ्या पेडलला २० मिलिअँपिअर लागतात आणि सप्लाय १ अँपिअरचा आहे. पेडल जळेल का?

नाही. व्होल्टेज सप्लाय ठरवतो, करंट पेडल ओढून घेतं. टाकीत हजार लिटर पाणी आहे म्हणून नळाखालचा तांब्या फुटत नाही. उलट स्थिती मात्र वाईट. ३०० मिलिअँपिअर मागणाऱ्या डिजिटल डिलेला १०० चा सप्लाय लावला तर पेडल सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन अडखळतं.

साधारण अंदाज असा: फझ, वाह, बूस्टर १ ते ५ मिलिअँपिअर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन ५ ते २०, अॅनालॉग कोरस, फेझर, डिले १० ते ४०, डिजिटल पेडल ५० पासून ३०० पर्यंत, काही त्याच्याही वर. सगळ्यांची बेरीज करा आणि त्यावर निम्मी भर घाला. पेडलवर आकडा नसेल तर मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून सप्लायच्या एका तारेत मालिकेत जोडा आणि मोजा. मोजून झाल्यावर लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत लावायला विसरू नका. मीटरचा फ्यूज उडवण्याचा हा सगळ्यात लोकप्रिय मार्ग आहे.

३. मधली पिन निगेटिव्ह का असते? सगळ्यांची तशीच असते का?

राउटरसारख्या बहुतेक घरगुती उपकरणांची मधली पिन पॉझिटिव्ह असते. पेडलचं उलटं आहे, कारण बॉस या पेडल कंपनीने तशी पद्धत ठेवली आणि बाकीचे त्यामागून गेले. आज ५.५ मिलिमीटर बाहेरचा, २.१ मिलिमीटर आतला जॅक, मधे निगेटिव्ह आणि ९ व्होल्ट डीसी हे पेडलजगाचं चलन आहे. पण अपवाद आहेत. डिजिटेकच्या व्हॅमीच्या चौथ्या आवृत्तीला आणि लाइन ६ च्या मूळ डीएल४ ला ९ व्होल्ट एसी लागतो. रेग्युलेटेड डीसी त्यांच्या उपयोगाचा नाही. म्हणून पेडलच्या पाठीवरची खूण आधी वाचायची. राउटरचा अडॅप्टर उलट्या ध्रुवाने लावला की बहुतेक पेडलमधला संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. डायोड स्वस्त असतो. पण तो प्रत्येक पेडलमध्ये असेलच याची खात्री नाही.

४. एका आउटपुटचा सप्लाय करायचा तर काय काय आणू?

१२ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड (यांचाच ब्रिज होतो), २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, ७८०९ आयसी (९ व्होल्टचा रेग्युलेटर), हीटसिंक, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर, आउटपुटला १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, एलईडी आणि तिच्यासाठी १ किलोओहमचा रेझिस्टर. झीरो पीसीबी (भोकांचा साधा बोर्ड), फ्यूजहोल्डर, फ्यूज, थ्री-पिन वायर, पत्र्याचा डबा, डीसी प्लग.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. ‘बारा व्होल्ट अर्धा अँपिअर’ मागितलात तर दुकानदार बहुधा १२-०-१२ देईल. चालेल. मधली तार आणि बाजूची एक तार वापरा, तिसरी तार टेप लावून बंद करा.

जोडणी सरळ आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा ब्रिजला, ब्रिजचे प्लस-मायनस मोठ्या कपॅसिटरला, तिथून ७८०९ ला. अक्षरं आपल्याकडे धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे पाय येतात. ०.३३ चा कपॅसिटर इनपुट पायाजवळ, ०.१ चा आउटपुट पायाजवळ. जवळ म्हणजे अगदी पायालगत. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसवलात तर आयसी स्वतःच ऑसिलेट होऊ शकते.

ग्राउंडच्या पायाचं सोल्डर दोनदा तपासा. तो पाय ड्राय, म्हणजे सोल्डर नीट न धरलेला, राहिला तर ७८०९ ला खालचा आधार राहत नाही आणि आउटपुट जवळजवळ इनपुटइतकं, म्हणजे १४-१५ व्होल्टपर्यंत चढतं. मीटरने ९ दाखवलं, डबा बंद केला आणि प्रवासात तो पाय सुटला, तर मार पेडलला बसतो.

५. आउटपुट ९ व्होल्ट हवा तर ट्रान्सफॉर्मरही ९ चाच घ्यायचा ना?

नाही. माझ्याकडे येणाऱ्या ‘बिघडलेल्या’ घरगुती सप्लायमध्ये सर्वाधिक चूक हीच असते.

हिशेब करून बघू. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा आरएमएस, म्हणजे एसीचा परिणामी आकडा असतो, शिखराचा नव्हे. कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो, म्हणजे आकडा गुणिले १.४१. ९ व्होल्टचे झाले १२.७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत असतात, ते भार असताना मिळून पावणेदोन व्होल्ट खातात. उरले ११. त्यातून रिपलचा खड्डा वजा केला की दहाच्या आसपास येतो. ७८०९ ला मात्र आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त, म्हणजे निदान ११ लागतात. ते मिळाले नाहीत की प्रत्येक खड्ड्यात आयसीचा हात सुटतो आणि १०० हर्ट्झची घरघर थेट आउटपुटवर येते. सरासरी मोजणारा मीटर तरीही ८.८ वगैरे दाखवतो, म्हणून लोकांना वाटतं रेग्युलेटर ठीक आहे.

१२ व्होल्टचा घेतला तर शिखर १७, डायोडनंतर १५.२. भरपूर जागा आहे. पण हे २३० व्होल्टवर. गावात संध्याकाळी १८० आले तर हेच १५.२ चे ११.५ होतात आणि ३०० मिलिअँपिअर ओढत असाल तर खड्डा पुन्हा अकराच्या खाली जातो. एका गणेशोत्सवात मांडवातल्या कार्यक्रमात माझा स्वतःचा सप्लाय असाच बसला. सगळी लाइटिंग एकाच फेजवर होती. दिवसा साउंडचेकला काही नाही, रात्री माळा पेटल्या आणि क्लीन गाण्यातही मागे एक भुंगा. त्या रात्री बॅटऱ्यांवर निभावलं. नंतर ब्रिजमधले डायोड बदलून १एन५८१९ शॉटकी टाकले, त्यात जवळजवळ एक व्होल्ट वाचतो, आणि कपॅसिटर ४७०० चा केला. मग तोच सप्लाय कमी व्होल्टेजवर तरला.

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो (प्रश्न ८).

अजून एक: ५०० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ५०० मिलिअँपिअर डीसी मिळत नाही. ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर सुमारे ६० टक्के धरा, म्हणजे ३००.

६. कपॅसिटर जितका मोठा तितकी घरघर कमी, बरोबर?

एका हद्दीपर्यंत. आपल्या ५० हर्ट्झवर रिपल काढायचं सूत्र सोपं आहे: अँपिअर भागिले (१०० गुणिले फॅरड). ३०० मिलिअँपिअरला २२०० मायक्रोफॅरड असेल तर सुमारे १.४ व्होल्ट, ४७०० असेल तर ०.६. खड्ड्याचा तळ ११ व्होल्टच्या वर राहिला की काम झालं. त्यापुढे १०,००० टाकून कानाला काही फरक पडत नाही, कारण उरलेलं आयसी दाबतेच.

आणि इथेच खरी गंमत आहे. कपॅसिटर अखंड भरत नाही. प्रत्येक शिखराला क्षणभर, झटक्यात भरतो. त्या झटक्याचा करंट भाराच्या कितीतरी पट असतो, आणि कपॅसिटर मोठा केला की झटका आणखी टोकदार होतो. हा झटका ब्रिजचा मायनस ते कपॅसिटरचा मायनस या तारेतून वाहतो. आता तुम्ही पेडलकडे जाणारी मायनसची तार ब्रिजच्या पायावरून घेतली असेल तर त्या इवल्याशा तारेवर पडणारा व्होल्टेज तुमच्या ग्राउंडमध्ये मिसळतो. ७८०९ त्याला काही करू शकत नाही, कारण तो तिच्या वाटेत येतच नाही.

उपाय फुकट आहे. ब्रिजचा मायनस आधी मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला, आणि तिथून पुढे आयसीचं ग्राउंड, तिथून आउटपुट. एका रांगेत. मी दुरुस्तीला आलेल्या सप्लायमध्ये भाग बदलण्याआधी ही एक तार हलवून बघतो. अर्ध्याहून जास्त वेळा काम तिथेच संपतं.

कपॅसिटर ३५ व्होल्टचाच घ्या. भार नसताना छोटे ट्रान्सफॉर्मर छापील आकड्याहून बरेच जास्त देतात. १२ व्होल्टचा १९-२० पर्यंत भरतो. त्यात रात्री उशिरा घरातली वीज २५० झाली तर २५ व्होल्टचा कपॅसिटर काठावर येतो.

७. ७८०९ बरी की एलएम३१७?

पहिला सप्लाय करत असाल तर ७८०९. दोन कपॅसिटर, काम झालं. तिचा व्होल्टेज ८.६५ ते ९.३५ मध्ये कुठेही आला तरी ती निर्दोष आहे, उगाच बदलत बसू नका.

३१७ मध्ये व्होल्टेज आपण ठरवतो. आउटपुट ते अॅडजस्ट पाय १२० ओहम आणि अॅडजस्ट ते ग्राउंड ७५० ओहम लावले की ९.१ व्होल्ट मिळतात. २४० आणि १५०० ओहमनेही जवळजवळ तेवढेच मिळतात, पण ३१७ ला स्थिर राहायला काही मिलिअँपिअर सतत वाहावे लागतात आणि सप्लायवर नुसता एक वाह असेल तर २४० कमी पडू शकतो. अॅडजस्ट पायावर १० मायक्रोफॅरड टाकला की रिपल दाबण्याची ताकद डेटाशीटप्रमाणे ६५ डेसिबलवरून ८० वर जाते. तो टाकलात तर संरक्षक डायोडही टाका: एक अॅडजस्टकडून आउटपुटकडे, एक आउटपुटकडून इनपुटकडे.

दोन सापळे. ३१७ चे पाय वेगळे आहेत: अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. आणि ७८०९ ची धातूची पाठ ग्राउंड असते, तर ३१७ ची पाठ आउटपुट असते. डब्याला किंवा सामायिक हीटसिंकला लावताना मायका किंवा सिलिकॉनचा पॅड आणि प्लास्टिकचा वॉशर हवाच.

८. आयसीला हात लावता येत नाही इतकी गरम होते. चालेल?

बोट दोन-तीन सेकंद टिकत असेल तर चालेल. चटका बसत असेल तर हीटसिंक मोठी करा. जास्तीचा व्होल्टेज आयसी उष्णतेतच घालवते. १४.५ मधून ९ काढताना ३०० मिलिअँपिअरवर १.६५ वॅट. उघडी आयसी एका वॅटमागे साधारण ६५ अंश तापते, म्हणजे खोलीच्या तापमानावर शंभराहून जास्त. नागपुरात मे महिन्यात, पत्र्याच्या बंद डब्यात ती स्वतःला बंद करून घेईल, थंड झाली की परत सुरू, आणि तुम्हाला वाटेल पेडलमध्ये लूज कनेक्शन आहे. १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरने हाच आकडा तीन वॅटच्या आसपास जातो.

९. २३० व्होल्टच्या बाजूला काय काळजी घ्यायची?

पहिला सल्ला: शक्य असेल तर ती बाजू करूच नका. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा, आर-ने सुरू होणारा क्रमांक छापलेला तयार १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर घ्या आणि तुमचं सर्किट ७८०९ पासून पुढे बांधा. शिकायला पुरेसं आहे आणि चुकलात तरी फार तर फ्यूज उडेल.

करायचंच असेल तर हे गाळू नका:

फेजच्या तारेत, डब्यात शिरताच, फ्यूज. अर्धा-एक अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो पुरतो. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखाच. स्विच फ्यूजच्या नंतर, फेजमध्येच.

डबा धातूचा असेल तर हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार डब्याच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्क्रू-नट-दातेरी वॉशरने घट्ट. नुसतं सोल्डर नको. नव्या वायरमध्ये फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी असते, जुन्यात लाल आणि काळी. पण भिंतीतल्या सॉकेटमध्ये कुणी काय जोडलंय यावर विश्वास ठेवू नका, टेस्टरने बघा.

वायर डब्यात शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि आत गाठ नव्हे, क्लॅम्प. स्टेजवर कुणीतरी ती वायर पायात अडकवणारच. २३० व्होल्टचं प्रत्येक टोक हीटश्रिंकने झाका आणि बोर्डापासून दूर ठेवा. डबा उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं म्हणजे काढणं नव्हे. आणि अशा कामाला घरात कुणीतरी जागं असताना बसा.

१०. ट्रान्सफॉर्मर न वापरता, एक कपॅसिटर लावून २३० वरून ९ व्होल्ट करता येतात असं पाहिलं. करू का?

नको. त्या सर्किटमध्ये तुमचं ग्राउंड थेट वीजवाहिनीला जोडलेलं असतं. पेडलचं ग्राउंड म्हणजे केबलची जाळी, गिटारच्या तारा आणि त्यावरची तुमची बोटं. माणूस मरतो.

११. बांधून झाला. पहिल्यांदा चालू कसा करू?

पेडल जोडून नाही. दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा सिरीज बल्बचा बोर्ड वापरा. तारेचा जुना बल्बच हवा, एलईडी चालत नाही. आपण ज्याला झिरो बल्ब म्हणतो तो खरं तर १५ वॅटच्या आसपास असतो, या कामाला तो उत्तम. चालू करताच तो क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तेजाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

मग आउटपुट मोजा, ध्रुव मोजा. नंतर ४७ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर भार म्हणून लावा, तो सुमारे १९० मिलिअँपिअर ओढतो. दहा मिनिटं ठेवा, रेझिस्टरला हात लावू नका, व्होल्टेज परत मोजा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट बघा. काही मिलिव्होल्टच्या वर असेल तर प्रश्न ५ आणि ६ कडे परत जा. यात पास झाला की पहिलं पेडल जोडा, तेही तुमचं सगळ्यात स्वस्त.

१२. एकाच आउटपुटवरून पाच पेडल चालवू का? डेझी चेन वाईट म्हणतात.

सगळी साधी अॅनालॉग पेडल असतील तर खुशाल चालवा, मी स्वतः वर्षानुवर्षं चालवली. त्रास सुरू होतो तो डिजिटल पेडल त्यात घुसलं की. त्याच्या आतल्या घड्याळाचे झटके सामायिक तारेत येतात, आणि शेजारी हाय-गेन डिस्टॉर्शन असेल तर ते झटके शिट्टी म्हणून ऐकू येतात. दोन डिजिटल असतील तर दोघांच्या घड्याळांचा फरक कानाच्या टप्प्यात येऊन चिवचिवाट. तेवढ्याच पेडलना वेगळी आउटपुटं द्या, बाकीची चेनवर राहू द्या. पूर्ण बोर्ड आयसोलेटेड (प्रश्न १३) करायचा खर्च सगळ्यांना करायची गरज नसते.

१३. मी चार ७८०९ लावून चार आउटपुटं केली. ही आयसोलेटेड झाली ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की काही जण विकतानाही तसंच सांगतात. चार आयसींमुळे व्होल्टेज वेगळे झाले, एकाने जास्त ओढलं तर दुसऱ्याला फरक पडणार नाही, हा फायदा खरा. पण चौघांचं ग्राउंड एकच आहे, आणि शिट्टी त्या वाटेनेच येते.

आयसोलेटेड म्हणजे प्रत्येक आउटपुटला स्वतःचं वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरमधली तारेची गुंडाळी), ब्रिज, कपॅसिटर, आयसी, आणि कुठल्याही दोघांत तारेचा संबंध नाही. १२-०-१२ ची दोन टोकं म्हणजे दोन आयसोलेटेड वाइंडिंग नव्हेत. मधली तार सामायिक आहे. सोपा मार्ग म्हणजे चार छोटे वेगळे ट्रान्सफॉर्मर. डबा जड होतो, पण काम होतं. नीटस मार्ग म्हणजे वाइंडिंग करणाऱ्याकडून एका गाभ्यावर चार स्वतंत्र १२ व्होल्टची वाइंडिंग करून घेणं. ‘चार सेकंडरी, एकमेकींना न जोडलेल्या’ असं लिहून द्या, नाहीतर सवयीने तो टॅप, म्हणजे सामायिक मधली तार, काढेल.

तपासणी: प्लग भिंतीतून काढून कुठल्याही दोन आउटपुटांच्या मायनसमध्ये मीटरने रेझिस्टन्स बघा. अनंत आला पाहिजे. डीसी सॉकेट धातूच्या अंगाचे असतील तर डब्यातून सगळे एक होतात, म्हणून प्लास्टिकचे वापरा.

१४. सगळं नीट केलं तरी घरघर आहे. कुठून शोधू?

पेडलमध्ये बॅटरी घाला आणि सप्लायची पिन काढा. तरीही येत असेल तर सप्लायला दोष देऊ नका.

बॅटरीवर थांबत असेल तर कान लावा. आपण गिटारवाले आहोत, हा फायदा घ्या. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट वाजवा, तो जी ९८ हर्ट्झचा असतो. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल, किंचित चढी, तर ती १०० हर्ट्झ. म्हणजे रिपल: इनपुट कमी पडतोय, कपॅसिटर मेलाय, किंवा मायनसची तार चुकीच्या जागी आहे.

त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, आणि मग रेग्युलेटरचा संबंध नाही. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठेतरी शिरतंय. वाहमधला इंडक्टर त्याचा पहिला बळी असतो. वाह आणि ट्रान्सफॉर्मर बोर्डाच्या दोन टोकांना ठेवा, ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशात फिरवून पाहा. सिंगल कॉइल गिटार घेऊन जागेवर गोल फिरा. आवाज कमीजास्त झाला तर तो पिकअपमधून येतोय.

तिसरी शक्यता ग्राउंड लूप. डब्याचं अर्थिंग आणि डीसीचा मायनस तुम्ही आत जोडला असेल, तर अॅम्पचं अर्थिंग आणि तुमचं अर्थिंग मिळून एक कडं तयार होतं. अर्थिंग डब्याला राहू द्या, डीसीचा मायनस डब्यापासून अलग ठेवा. अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका. घरघर थांबते हे खरं, पण मग अॅम्पमध्ये दोष आला तर करंट तुमच्यातून जातो.

शिट्टी किंवा ‘सूं’ असा बारीक आवाज असेल तर एसएमपीएस किंवा डिजिटल पेडल, प्रश्न १२.

१५. जर्मेनियम फझ चेनवर लावला की सगळी पेडल बंद पडतात. फझ खराब आहे का?

नाही, त्याचा संसार उलटा आहे. १९६६ च्या फझ फेससारख्या सर्किटमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असतात आणि ग्राउंड पॉझिटिव्हला जोडलेलं असतं. बाकीच्यांचं ग्राउंड निगेटिव्ह. दोन्ही एका सप्लायवर आले की पॅच केबलच्या जाळीतून प्लस आणि मायनस एकमेकांना भेटतात, थेट शॉर्ट. नशिबाने ७८०९ करंट मर्यादित करते, म्हणून फक्त सगळं बंद पडतं. या फझला स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट द्या, किंवा बॅटरी. एक मिलिअँपिअरही न ओढणाऱ्या पेडलला बॅटरी महिनोन् महिने पुरते. वाजवून झाल्यावर केबल काढायची तेवढी सवय लावा.

१६. जुन्या बॉस पेडलवर ‘एसीए’ लिहिलंय. ९ व्होल्टवर एलईडी मंद लागते. का?

ते पेडल जुन्या, रेग्युलेशन नसलेल्या अडॅप्टरसाठी बनवलेलं आहे, जो प्रत्यक्षात १२ च्या आसपास द्यायचा. तो जास्तीचा व्होल्टेज खायला आत एक रेझिस्टर आणि डायोड ठेवलेला आहे. शुद्ध ९ दिले की ते दोघे त्यातूनही खातात. गंमत म्हणजे हेच पेडल ‘पीएसए’ (रेग्युलेटेड ९ व्होल्टसाठीचं) लिहिलेल्या पेडलसोबत चेनवर लावलं की नीट चालतं, कारण पॅच केबलच्या ग्राउंडमधून त्या रेझिस्टरला बगल मिळते. आयसोलेटेड सप्लायवर ही बगल नाही, म्हणून तिथे त्याला १२ व्होल्ट द्या. ७८१२ चं एक आउटपुट ठेवलं की झालं, पण त्या आउटपुटला इनपुट निदान १४ व्होल्ट हवा, म्हणजे १५ चा ट्रान्सफॉर्मर.

१७. १८ व्होल्टवर ओव्हरड्राइव्ह जास्त मोकळा वाजतो म्हणतात. देऊ का?

उत्पादकाने लिहिलं असेल तरच. काही पेडलमध्ये आत व्होल्टेज दुप्पट करणारी चिप असते. क्लॉन सेंटॉर हे प्रसिद्ध उदाहरण. अशा चिपांची हद्द १०-१२ व्होल्टची. १८ दिले की चिप जाते. आत १६ व्होल्टचे कपॅसिटरही असतात. परवानगी असेल तर दोन आयसोलेटेड आउटपुटं मालिकेत जोडा, एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. प्रश्न १३ ची परीक्षा नापास झालेल्या सप्लायवर हे केलं तर एक आउटपुट शॉर्ट होईल.

१८. मरत आलेल्या बॅटरीसारखा आवाज सप्लायवर मिळेल का?

बराचसा. ३१७ च्या सर्किटमध्ये ७५० ओहमच्या जागी १ किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा आणि ५ ते ९ व्होल्ट फिरवून ऐका. पॉट पूर्ण वर गेला तर ११.७ व्होल्ट होतात, म्हणून पॉटला समांतर रेझिस्टर लावून हद्द घाला किंवा पॉट डब्याच्या आत ठेवा. फझवर फरक स्पष्ट कळतो. डिजिटल पेडलवर ही गंमत करू नका, ती फक्त बंद पडतात.

१९. लाइट गेली तर पॉवर बँकेवर चालेल का?

९ व्होल्ट हा यूएसबी पीडी (यूएसबीवरून वेगवेगळे व्होल्टेज मागायची पद्धत) यामधल्या ठरलेल्या व्होल्टेजपैकी एक आहे. ९ व्होल्ट मागणारा छोटा ट्रिगर बोर्ड मिळतो, त्यापुढे मधली पिन निगेटिव्ह असलेली वायर जोडली की झालं. दोन अडचणी येतात. भार अगदी कमी असेल तर पॉवर बँक ‘कुणी नाही’ समजून झोपी जाते. एखादं जास्त ओढणारं पेडल सोबत ठेवा. आणि आतल्या कन्व्हर्टरचा आवाज हाय-गेनवर येऊ शकतो. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मात्र मी स्वतः पॉवर बँकच वापरतो, कारण जनरेटरचा व्होल्टेज ऑपरेटरच्या मर्जीवर असतो.

२०. भावाने अमेरिकेहून पेडल आणि अडॅप्टर आणलाय. फक्त पिन बदलणारा जोडा लावला तर?

अडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ असेल तर चालेल. नुसतं १२० आणि ६० हर्ट्झ असेल तर तो आपल्या २३० वर लावला की काही मिनिटांत वास येतो आणि संपतो. पेडलला बहुधा काही होत नाही, त्याला इथला ९ व्होल्टचा सप्लाय लावा. त्या अडॅप्टरची वायर आणि प्लग मात्र कापून ठेवा, तो २.१ चा, आडव्या कोनाचा, चांगल्या रबराचा प्लग तुमच्या पुढच्या सप्लायला कामी येईल. सोल्डर करण्याआधी कुठली तार मधल्या पिनला जाते ते मीटरने बघून घ्या, पांढऱ्या रेघेवर जाऊ नका.